डायलिसिसच्या रुग्णाला आहार कसा समजावावा: गोव्यातल्या नव्या समुपदेशकांसाठी

डायलिसिस सुरू होण्याआधी मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिने कमी करायला सांगितलेले असते, वजनाच्या किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम. त्यामुळे घरात डाळ पातळ होते, अंडे बंद होते, नुस्ते (मासळी) आठवड्यातून एकदा शिजते. मशीनवर आल्यानंतर हा हिशेब उलटतो आणि किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागू लागतात, कारण चार तासांच्या एका बैठकीत ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, रक्तातून निघून जातात. घरात मात्र जुनाच कागद चालू असतो. नव्याने समुपदेशन करायला बसणाऱ्याने पहिल्या भेटीत हीच गोष्ट तपासावी.

भलते खाऊन बिघडणारे रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतात. घाबरून कमी खाणारे आणि महिन्यामागून महिना खंगत जाणारे नजरेतून सुटतात. म्हणून इथला क्रम असा ठेवला आहे: आधी पुरेसे अन्न आणि प्रथिन, मग मीठ, मग पाणी, त्यानंतर पोटॅशियम आणि फॉस्फरस. वर्ज्य पदार्थांची लांब यादी हातात देणे सोपे असते, पण त्या यादीनेच रुग्ण काय खावे ते न कळून पेज आणि बिस्किटांवर येतो.

इथले आकडे हिमोडायलिसिसच्या, म्हणजे मशीनवर रक्त साफ करून घेणाऱ्या, प्रौढ रुग्णांसाठी आहेत. पोटाच्या डायलिसिसबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे. औषधांचे डोस ठरवणे हे मूत्रपिंडतज्ज्ञांचे काम. औषधे कधी आणि कशी घेतली जातात हे विचारणे मात्र आपले.

बोलण्याआधी फाइल

खुर्चीजवळ जाण्याआधी सहा गोष्टी लिहून घ्या: ड्राय वेट (साठलेले जादा पाणी काढल्यावरचे वजन), गेल्या काही बैठकींत मशीनवर येतानाचे वजन, चोवीस तासांची लघवी किती, डायलिसिस आठवड्यातून दोनदा की तीनदा आणि कोणत्या वारी, ताजे रिपोर्ट, आणि चालू गोळ्या. रक्ताचा नमुना डायलिसिसच्या आधी घेतलेला हवा. मशीनवरून उतरल्या उतरल्या काढलेले पोटॅशियम खोटा दिलासा देते; काही तासांत पेशींतले पोटॅशियम रक्तात परत येते.

रिपोर्ट वाचताना एका आकड्याने घरचे हमखास फसतात. क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारे आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे द्रव्य) ९ वरून ६ वर आले की घरात आनंद होतो, ‘किडनी सुधारतेय’. लघवी वाढलेली नसेल आणि डायलिसिस पूर्वीइतकेच चालू असेल, तर पुष्कळदा हा आकडा स्नायू झडल्यामुळे उतरलेला असतो. युरिया फारच कमी आला तरी आधी जेवणाची चौकशी करा. कानशिलाजवळचे खळगे, सैल झालेली अंगठी, दंडावरचे मांस बघा. मांस झडते आणि ती जागा पाणी घेते, त्यामुळे काट्यावर वजन तेवढेच दिसते. ड्राय वेट पुन्हा ठरवायला हवे असे वाटले तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले मुख्य प्रथिन, ४ च्या आसपास असावे. ते ३ वर आले म्हणून लगेच रुग्णाला ‘तुम्ही खात नाही’ असे म्हणू नका. कॅथेटरचा (डायलिसिससाठी बसवलेल्या नळीचा) संसर्ग, दातांतला पू, बरी न होणारी जखम यांनीही अल्ब्युमिन पडते, आणि तेव्हा नुसती अंडी वाढवून ते वर येत नाही.

काय खाता, हे कसे विचारावे

‘काल काय खाल्ले?’ हा प्रश्न अपुरा आहे. तीन दिवस वेगवेगळे विचारा: डायलिसिसचा दिवस, घरी असलेला दिवस, आणि शिवराक (शाकाहारी) दिवस. गोव्यातल्या अनेक हिंदू घरांत सोमवारी आणि गुरुवारी मासळी शिजत नाही, श्रावणात तर महिनाभर नाही. त्या दिवशी प्रथिन कशातून येते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा ते येतच नाही. त्यात रुग्णाचे डायलिसिस सोमवारी असले, तर अमिनो आम्ले गमावण्याचा दिवस आणि शीत-वरणाचा दिवस एकच होतो.

डायलिसिसच्या दिवशीची उपासमार ही दुसरी नेहमीची गळती. काणकोणहून मडगावला किंवा सत्तरीतून म्हापसा-बांबोळीला येणारा माणूस पहाटे चहा घेऊन निघतो, चार तास मशीनवर, मग बसची वाट, आणि जेवायला दुपारचे तीन वाजतात. आठवड्यातले तीन दिवस असे गेले की महिन्यातली बारा-तेरा जेवणे बुडतात. निघण्याआधी एक-दोन तास हलके खाणे, आणि डब्यात उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग, उंड्यात (गोल पावात) घातलेले पनीर किंवा चिकन, असे बांधून द्यायला सांगा. मशीनवर असताना भरपेट जेवल्यास रक्तदाब पडू शकतो. ज्यांचा आधीच पडतो त्यांनी मशीनवर काहीच खाऊ नये, सुटल्यावर खावे.

आणि घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर बसल्याशिवाय समुपदेशन झाले असे समजू नका. रुग्ण असलेल्या काकांना सांगून स्वयंपाक करणाऱ्या काकींचे वाटण बदलत नसते. काकी येऊ शकत नसतील तर फोनवर बोला. घरातली वाटी आणि चमचा पुढच्या खेपेला घेऊन यायला सांगा आणि त्यात पाणी ओतून माप दाखवा. घरोघरची ‘एक वाटी’ १०० मिलिपासून २५० मिलिपर्यंत काहीही असते.

प्रथिनाचा हिशेब, ६० किलोच्या माणसासाठी

हिशेब ड्राय वेटवर करायचा, सुजेसकटच्या वजनावर नाही. ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १८०० ते २१०० कॅलरी. कॅलरी अपुऱ्या पडल्या तर खाल्लेले प्रथिन इंधन म्हणून जळते, म्हणून भात, पाव, तेल यांना हात लावण्याची घाई करू नका.

पदरात टाकायचे ढोबळ आकडे असे. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने, त्यातले साधारण ३.५ पांढऱ्या भागात. १०० ग्रॅम कच्च्या मासळीत किंवा चिकनमध्ये १८ ते २० ग्रॅम. ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा मुगात ७. २०० मिलि दुधात ६ ते ७. ३० ग्रॅम पिठाच्या एका चपातीत ३ ते साडेतीन. १०० ग्रॅम तांदळात ७ ते ८.

यावरून एक दिवस उभा करून दाखवा. सकाळी एक उंडो, एक पूर्ण अंडे आणि दोन पांढरे, छोटा चहा: सुमारे १८ ग्रॅम. दुपारी १०० ग्रॅम तांदळाचा भात, १०० ग्रॅम बांगडा किंवा इसवण (सुरमई), पाणी काढलेली भाजी: २७ ते २८. चार वाजता पोहे आणि छोटा चहा: ३ ते ४. रात्री तीन चपात्या, मूग आणि दुधी: १७ ते १८. बेरीज ६५ च्या पुढे जाते आणि काकांना यात अनोळखी असे काही दिसत नाही. कॅलरी थोड्या कमी पडतील. फोडणीत एक चमचा तेल किंवा भातावर एक चमचा तूप वाढवा.

शिवराक दिवसाचा कागद वेगळा लिहून द्या. पनीर, घट्ट बांधलेले दही, मोड आणून शिजवलेले मूग, टोफू यांतून ६० ग्रॅमपर्यंत पोचता येते, पण दूध आणि कडधान्ये जशी वाढतात तसे फॉस्फरस आणि पोटॅशियमही वाढते. एक ग्रॅम प्रथिनामागे अंड्याच्या पांढऱ्यात दीड मिलिग्रॅमसुद्धा फॉस्फरस येत नाही, मासळीत १० ते १२, दुधात जवळपास ३०, काजूत त्याहूनही जास्त. सोमवारी अंडे चालते का, हे घर न दुखावता विचारा. काही घरांत मासळी चालत नाही पण अंडे चालते. चालत नसेल तर डायलिसिसच्या रुग्णांसाठीची प्रथिन पावडर डॉक्टरांना विचारून त्या दोन दिवसांपुरती देता येते.

मासळी कोणती, हा प्रश्न येणारच. ताजी कोणतीही चालते. तारले, मोतयाळे अशी काट्यासकट खायची छोटी मासळी फॉस्फरस जास्त असलेल्यांनी क्वचित खावी. गोठवलेली पाकिटबंद सुंगटे (कोळंबी) पुष्कळदा फॉस्फेटच्या पाण्यातून काढलेली असतात, बाजारातली ताजी बरी. हुमणातली (मासळीच्या आमटीतली) फोड खावी, रस बेताने, कारण मीठ, पाणी आणि पोटॅशियम तिन्ही रसात उतरलेले असते.

मीठ आधी, पाणी नंतर

नवखे समुपदेशक पाण्याची मर्यादा सांगतात आणि मिठाला विसरतात. शरीरात ८ ग्रॅम मीठ साठले की ते सुमारे १ लिटर पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी मिळेपर्यंत तहान थांबत नाही. खारट जेवलेल्या माणसाला ‘पाणी कमी प्या’ सांगणे म्हणजे त्याला छळणे आहे.

दिवसाचे सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. पाव, मासळी, दूध यांत काही आधीच असते, म्हणून स्वयंपाकात वरून घालायला अर्धा चमचाच उरतो. सर्वांत चालणारी युक्ती अशी: रुग्णाचे दिवसाचे अर्धा चमचा मीठ सकाळी एका डबीत काढून ठेवायचे, सगळ्यांचे जेवण अळणी शिजवून रुग्णाचे वाढून घ्यायचे आणि त्याच्या ताटात डबीतलेच मीठ घालायचे. डबी संपली की मीठ संपले. मिठागरातले जाडे मीठ, सैंधव, पांढरे बारीक मीठ, सगळे मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. ‘लो सोडियम’ मीठ मात्र पूर्ण बंद. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते आणि डायलिसिसच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकते. हृदयाच्या डॉक्टरांनी कधीकाळी सांगितले म्हणून हे मीठ घरात असते. नाव घेऊन विचारा.

गोव्याच्या जेवणात मीठ लपते ती ठिकाणे: आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लोणचे, खारवलेली मासळी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), पापड, चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज), आणि पेजेबरोबरचा तोंडी लावण्याचा खारट तुकडा. आगळाची सोलकढी तर एकाच पेल्यात मीठ, पाणी आणि नारळाच्या दुधातले पोटॅशियम तिन्ही देते. कोकमाची आंबट चव हवी असेल तर सुकी सोले धुऊन दोन-तीन पाकळ्या हुमणात घालाव्यात. तेफळ, लसूण, मिरची, आले, कोथिंबीर, थोडे व्हिनेगर, एवढ्यांवर कमी मिठाचे जेवण बेचव लागत नाही. जिभेला सवय व्हायला काही आठवडे जातात, हे आधीच सांगून ठेवा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि घरोघरी पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवलेली सुकी मासळी बाहेर निघते. दोन बैठकींमधले वजन या दिवसांत अकारण वाढले असे वाटले तर आधी सुक्या बांगड्याची आणि सुंगटांची चौकशी करा. भिजवून पाणी फेकल्याने त्यातले काही मीठ जाते, पण उरते तेही फार असते. मे महिन्यातच या दोन महिन्यांची वेगळी योजना द्या: अंडी, चिकन, गोड्या पाण्यातली मासळी.

पाण्याचे माप: चोवीस तासांच्या लघवीइतके अधिक ५०० मिलि. लघवी ३०० मिलि असेल तर दिवसाला ८०० मिलि. यात चहा, पेज, कढी, वरणाचे पाणी, ताक, आइसक्रीम, बर्फ, गोळ्यांबरोबरचे घोट सगळे येते. पेज इथे फार फसवते. उकड्या तांदळाची एक मोठी वाटी पेज म्हणजे दिवसाच्या पाण्याचा चौथा हिस्सा आणि प्रथिन मात्र दोन-तीन ग्रॅम. पेज सोडवत नसेल तर निवळ काढून घट्ट शिते खायला सांगा, किंवा छोटी वाटी मोजून हिशेबात धरा.

दोन बैठकींमधली वाढ ड्राय वेटच्या ४ टक्क्यांच्या आत ठेवायला बघा. ६० किलोला साधारण २.४ किलो. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हे रुग्णाला घरच्या काट्यावर दाखवले की पटते. आठवड्यातली दोन दिवसांची सुट्टी सर्वांत धोक्याची, कारण पाणी आणि पोटॅशियम दोन्ही तेव्हाच सर्वाधिक चढतात. घरातली पाहुणचाराची जेवणे नेमकी रविवारी असतात. सुट्टी शनिवार-रविवारची असेल तर रविवारचे जेवण वेगळे विचारून लिहा. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस असलेल्यांची सुट्टी अजून लांब पडते, त्यांना मापे आणखी घट्ट लागतात.

तहानेसाठी: सकाळी दिवसाचे पाणी एका बाटलीत भरून ठेवणे आणि जे काही प्यायले तेवढे बाटलीतून ओतून टाकणे, छोटा पेला, चूळ भरून थुंकणे, मोजून दोन-तीन बर्फाचे खडे, जेवणाबरोबरच्या पाण्यातच गोळ्या घेणे. मधुमेह्याची साखर ३०० च्या वर असेल तर यांतले काहीच चालणार नाही. आधी साखर खाली यायला हवी.

पोटॅशियम: ताटात शोधण्याआधी बाहेर शोधा

डायलिसिसआधीचे पोटॅशियम ५.५ च्या वर आले की सगळे फळांकडे बोट दाखवतात. त्याआधी विचारा: बैठक चुकली का, चारऐवजी तीन तासांत उठले का, फिस्टुलाचा (मशीनसाठी हातावर जोडलेल्या रक्तवाहिनीचा) प्रवाह कमी आहे का, पोट साफ होते का, रक्तदाबाची किंवा हृदयाची पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू आहे का, साखर अनियंत्रित आहे का, नमुना खराब झाला होता का. बद्धकोष्ठता विशेष करून विचारा. मूत्रपिंड बंद पडल्यावर पोटॅशियमचा बराच भाग आतड्यातून बाहेर जातो, आणि पाण्याची मर्यादा व फळे बंद यामुळे नेमके पोटच अडते.

मग ताट. गोव्यात सगळ्यांत आधी शहाळे. एका शहाळ्यात ५०० ते ६०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पोटॅशियम, म्हणजे दिवसाच्या २००० ते २५०० च्या मर्यादेचा चौथा हिस्सा काही घोटांत. ‘अशक्त झालाय, शहाळे द्या’ हा सल्ला शेजारी, नातेवाईक, रस्त्यावरचा माणूस, सगळे देतात, म्हणून शहाळ्याची मनाई पहिल्या भेटीत, घरच्यांसमोर, स्पष्ट शब्दांत करा. खवलेल्या नारळाचे तसे नाही. वाटणातला २० ग्रॅम नारळ सुमारे ७० मिलिग्रॅम देतो. तो बंद करून जेवण तोडण्यात अर्थ नाही. चिंचेच्या छोट्या गोळीनेही काही बिघडत नाही.

भाज्यांत तांबडी भाजी, पालक, अळू, शेवग्याचा पाला, सुरण, कणगी, रताळे, बटाटा, निरफणस, कच्चे केळे यांत पोटॅशियम जास्त. दोडकी, दुधी, पडवळ, काकडी, कोबी, तेंडली यांत कमी. जास्तवाल्या भाज्या पाणी काढून खाता येतात, पण पद्धत नीट हवी:

१. साल काढून बारीक, पातळ फोडी करा. तुकडा जितका लहान तितके जास्त निघते.
२. भाजीच्या चार-पाचपट पाण्यात उकळी आणून पाच मिनिटे ठेवा आणि ते पाणी फेका.
३. ताज्या पाण्यात पुन्हा मऊ होईतो शिजवा, तेही पाणी फेका.
४. मग फोडणी, खोबरे, वाटण.

रात्रभर थंड पाण्यात भिजवून ठेवणे हे घरोघर चालते, पण त्याने फारसे काही निघत नाही. उकळणेच काम करते. कुकरमध्ये थोड्या पाण्यात, वाफेवर किंवा थेट तळून पोटॅशियम जागच्या जागी राहते, म्हणून निरफणसाची कापे आधी उकळल्याशिवाय तळू नयेत. काढलेले पाणी कढीत किंवा डाळीत घातले जात नाही ना, हे विचारा. जीवनसत्त्व वाया जाते म्हणून ते घालणाऱ्या काकी भेटतात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे या रुग्णांना गोळीतून दिली जातात, ती चुकवू नयेत.

फळ दिवसाला एक, १०० ग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम आटोक्यात असेल तर: सफरचंद, नासपती, अननसाच्या दोन चकत्या, जांभळे. मयड्याचे एक मोठे केळे, पेरू, फणसाचे गरे, काजूच्या बोंडूंचा नीरो (रस) हे नकोत. मे महिन्यात मानकुराद पूर्ण नाकारू नका. रिपोर्ट बरा असेल तर अर्ध्या आंब्याचा गर, त्या दिवशी दुसरे फळ नाही, आणि दोन दिवसांच्या सुट्टीत नाही. पूर्ण बंदी घातली की चोरून दोन खाल्ले जातात आणि आपल्याला सांगितले जात नाही. ‘मशीनवर बसताना खाल्ले की निघून जाते’ या समजुतीलाही खोडून काढा. खाल्लेले पचून रक्तात यायला तास लागतात, त्यातले बरेचसे मशीन थांबल्यावर येते.

पाय एकाएकी लुळे वाटणे, नाडी मंदावणे, छातीत धडधड, यांपैकी काही झाले तर पुढच्या बैठकीची वाट न बघता थेट इस्पितळात. हे कागदावर ठळक लिहून द्या.

करमल आणि बिंबल

हा भाग स्वतंत्र ठेवला आहे, कारण इथे थोडेसुद्धा चालत नाही. करमल, म्हणजे करंबळ किंवा कमरख, आडवे कापले की पाच टोकांची चांदणी दिसणारे आंबट फळ, गोव्यात परसात असते, लोणच्यात आणि हुमणात पडते. त्यातले मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते, डायलिसिसच्या रुग्णात ते साठते. न थांबणारी उचकी, ओकारी, गोंधळल्यासारखे बोलणे, मग झटके. एका फळानेही असे झालेले आहे आणि मृत्यू झालेले आहेत. डायलिसिसच्या रुग्णाला एकाएकी उचकी लागली तर ‘करमल खाल्ले का?’ हे विचारा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. तातडीने डायलिसिस करावे लागते.

बिंबल या आंबट फळात ऑक्झलेट हे मूत्रपिंडात साचणारे द्रव्य फार असते. साखर किंवा कोलेस्टेरॉल उतरवायला त्याचा रस पिऊन चांगली मूत्रपिंडे बंद पडल्याची उदाहरणे आहेत. ज्यांची लघवी अजून थोडी उरली आहे त्यांनी ती जपायची असेल तर बिंबल दूर ठेवावे. ‘किडनी साफ करणारे’ काढे, पाल्याचे रस यांच्याबद्दलही रागावून न विचारता विचारा, नाहीतर ते कधीच सांगितले जात नाहीत.

फॉस्फरस: गोळी कधी घेता?

फॉस्फरस ५.५ च्या वर गेले की नवखा माणूस मासळी-अंडी कापतो. तसे करू नका. आधी गोळी. कॅल्शियम ॲसिटेट, सेव्हेलामर यांसारख्या फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणातल्या फॉस्फरसला आतड्यातच धरतात, म्हणून त्या जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या. जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली गोळी जवळपास वाया जाते. दुपारचे जेवण बाहेर असते तेव्हा गोळी घरी असते, ही नेहमीची तक्रार. खिशात छोटी डबी ठेवायला सांगा. लोहाची गोळी हिच्याबरोबर एकत्र घेऊ नये.

दुसरे, कारखान्यातून आलेले फॉस्फेट. कोला, चोरीस आणि सॉसेज, प्रक्रिया केलेले चीज, बेकिंग पावडरचे केक यांतले फॉस्फेट ९० टक्क्यांहून अधिक शोषले जाते, मासळीतले साधारण निम्मे, डाळींतले त्याहूनही कमी. त्यामुळे आठवड्यातल्या दोन कोला बंद करणे हे मूग बंद करण्यापेक्षा जास्त उपयोगाचे. पोदेराकडून (पाववाल्याकडून) घ्यायचे असेल तर कोंडा लावलेल्या, पोळी नावाच्या पावापेक्षा साधा पाव किंवा उंडो बरा. मधुमेह असेल तर तो मोजून.

मधुमेह्यांना आणखी एक सांगायचे राहते. साखर घसरली की फळांचा रस किंवा शहाळे न देता तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज थोड्या पाण्यात द्यावे. मूत्रपिंड बंद झाल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहते, म्हणून साखर घसरण्याची शक्यता वाढते आणि डोस बहुधा कमी करावा लागतो.

चवथ

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, रुग्ण गावी जातात आणि बैठक चुकते. किमान दोन आठवडे आधी पाळी बदलून घ्यायला सांगा, दोन बैठकींत दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. खतखत्यातली (मिश्र भाजीतली) कंदमुळे दोनदा उकळून पाणी काढून घातली तर छोटी वाटी खाता येते. पातोळ्या, नेवऱ्या एक-दोन चालतात, पण गुळात साखरेपेक्षा पोटॅशियम पुष्कळ असते, हे लक्षात ठेवून बेताने. उपासाला बटाटा, रताळे, शेंगदाणे हे त्रिकूट नको. साबुदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही कमी. शेंगदाणे मूठभरांऐवजी चमचाभर घालून खिचडी करावी, आणि बरोबर घट्ट दही, नाहीतर दिवसभरात प्रथिन शून्य.

पोटाचे डायलिसिस असेल तर

हिशेब बदलतो. पोटातल्या द्रवावाटे रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने जातात, त्यामुळे प्रथिन तेवढेच किंवा थोडे जास्त लागते. द्रवातली साखर अंगात शिरते, म्हणून मधुमेह्याची साखर आणि सगळ्यांचे वजन बघत राहावे. पोटॅशियम रोजच्या रोज निघत असल्याने पुष्कळांना फळांची बंधने सैल करता येतात, काहींना उलट वाढवावी लागतात. हिमोडायलिसिसचा छापील कागद यांना देऊ नका.

दर महिन्याची भेट

एका भेटीत एकच बदल. पहिल्या महिन्यात प्रथिन आणि मिठाची डबी, एवढेच. पुढच्या रिपोर्टवर जे सर्वांत वाईट आहे तेवढ्यालाच हात घाला. फाइलमध्ये तारीख, ड्राय वेट, गेल्या महिन्यातली सर्वांत जास्त वजनवाढ आणि तिचा वार, अल्ब्युमिन, डायलिसिसआधीचे पोटॅशियम, फॉस्फरस, भूक कशी, आणि या वेळी सांगितलेला एक बदल, असे एका ओळीत लिहा. पुढच्या खेपेला खुर्चीजवळ बसताना तीच ओळ आधी वाचा आणि त्या बदलापासूनच बोलायला सुरुवात करा: ‘काकी, डबी जमली का?’ जमली नसेल तर कुठे अडले ते ऐका. बहुतेक वेळा रुग्णाचे वेगळे शिजवायला वेळ नसतो. मग ज्या एका पदार्थात सगळ्यांचेच मीठ कमी करता येईल तो शोधा आणि तेवढाच या महिन्याच्या ओळीत लिहा.